आठ दिवसांची मौनसाधना आणि एक कार्ड

गेल्या जानेवारीत मी एका कॅथलिक साधनागृहात आठ दिवसांची मौनसाधना केली; तिचे हे परीक्षण. साधनागृहाचे नाव मी देत नाही, कारण शेवटच्या दिवसाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती एखाद्या वास्तूच्या माथी मारावी असे मला वाटत नाही. शिवाय संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीची ही साधना येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू आणि अनेक धर्मभगिनी ठिकठिकाणी देत असतात, त्यामुळे खोली आणि भोजन सोडले तर माझे बरेचसे म्हणणे अन्य ठिकाणीही लागू पडावे. मी स्वतः अहिल्यानगरची आणि प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली ज्या अहमदनगरात काम सुरू केले, तेथेच आमच्या चार पिढ्या गेल्या. नोकरी मात्र सगळी एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात झाली, म्हणून लिहिण्यात जमाखर्चाची भाषा डोकावली तर वाचकांनी चालवून घ्यावी.

कॅथलिक साधनागृहाची वाट मी का धरली, हे आधी सांगायला हवे. आमच्याकडे ‘प्रभूला जीवन देणे’ हा शब्दप्रयोग अगदी रोजच्या बोलण्यातला आहे आणि ते देण्याची ठरलेली जागा म्हणजे संजीवन सभा. मैदानावर मंडप पडतो, बाहेरगावचे वक्ते येतात, तीन रात्री गीते आणि संदेश होतात आणि शेवटच्या रात्री साडेदहाच्या सुमारास, सर्वांचे डोळे मिटलेले असताना, ज्यांना संपूर्ण समर्पण करायचे आहे त्यांनी हात वर करावा असे सांगितले जाते. अकरा वर्षांत मी तीन वेळा हात वर केला, आणि तिन्ही वेळा अगदी मनापासून. मी हे थट्टेने लिहीत नाही. माझ्या वडिलांनी अशाच एका सभेत दारू सोडली आणि मरेपर्यंत तिला शिवले नाहीत. परंतु एकदा देऊन टाकलेली वस्तू पुन्हा देता येते ती मधल्या काळात परत घेतली असेल तरच, आणि मी माझी वस्तू केव्हा परत घेतली याची नोंद माझ्या कोणत्याच वहीत नव्हती. चौथ्यांदा हात वर करण्याआधी ती नोंद शोधावी, एवढाच माझा हेतू होता.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. शुल्क दिवसाला 750 रुपये, म्हणजे आठ दिवसांचे 6,000. मार्गदर्शकासाठीची देणगी ऐच्छिक असून ती बंद पाकिटात द्यायची असते आणि तिची पावती मागितल्यावाचून मिळत नाही. खोलीत एक खाट, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस आणि आवळ्याच्या झाडाकडे उघडणारी खिडकी होती. गरम पाणी सकाळी सहा ते सात या वेळेतच येते. साडेसातला जाणाऱ्याने थंडीचे दिवस असले तरी कुरकुर करू नये, कारण करायची तरी कोणाजवळ? जेवण साधे आणि चांगले होते: दुपारी पोळी, भाजी, आमटी आणि भात, रात्री बाजरीची भाकरी, रविवारी कोंबडी आणि रोज चारला चहा. भ्रमणध्वनी पहिल्याच संध्याकाळी खाकी पाकिटात घालून, वर नाव लिहून, कार्यालयाच्या कपाटात ठेवला जातो. घरच्यांना कार्यालयाचा क्रमांक आधीच देऊन ठेवावा. मौन म्हणजे नुसते न बोलणे नव्हे, हे भोजनगृहात ध्यानात आले. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही आणि त्या शांततेत पापड मोडल्याचा आवाज भिंत कोसळावी तसा येतो. माझ्या शेजारी बसणारे एक वयस्कर गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून पापड आमटीत बुडवून, मऊ करून खाऊ लागले. आठ दिवसांत आम्ही एक शब्दही बोललो नाही, पण त्या माणसाइतका आदर मला अलीकडे क्वचितच कोणाबद्दल वाटला आहे.

आता साधनेविषयी. तिची मूळ मांडणी सुमारे तीस दिवसांची आणि चार ‘आठवड्यां’ची आहे: पहिल्यात आपले पाप आणि देवाची दया, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, तिसऱ्यात दुःखसहन व मरण आणि चौथ्यात पुनरुत्थान. आठ दिवसांचे शिबिर हा तिचाच संक्षेप. दिवसातून चार वेळा एकेक तास प्रार्थना, प्रत्येक तासानंतर वहीत टिपण, दुपारी व रात्री आत्मपरीक्षण आणि रोज एकदा मार्गदर्शकाची अर्धा-पाऊण तास भेट, असा दिनक्रम असतो. ही पद्धत ज्यांनी घडवली ते इग्नेशियस मूळचे दरबारी शिपाईगडी. 20 मे 1521 रोजी स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. तो नीट बसला नाही आणि हाड पुढे आले, तेव्हा तंग बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्यांनी ते हाड शुद्धीवर असताना कापून घेतले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पराक्रमाची आणि एका थोर स्त्रीची स्वप्ने रंगवताना गोड वाटे, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांच्या वाटेने जाण्याचे विचार मात्र सरल्यावरही मनात आनंद ठेवून जात. पुढे 1522 साली मोन्सेराटच्या वेदीपाशी तलवार ठेवून ते मान्रेसा गावी राहिले आणि तेथेच या साधनेची टिपणे आकाराला आली. पोप तिसरे पॉल यांनी तिला 1548 साली मान्यता दिली.

मान्रेसातील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या मार्गदर्शक सिस्टरांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला. सर्वस्व द्यायचे या ओढीने इग्नेशियस यांनी तेथे केस-नखे कापणे सोडले, तासन् तास गुडघे टेकले आणि पापांच्या शंकांनी बेजार होऊन एकदा आठवडाभर अन्नपाणीही टाकले, इतके की त्यांच्या धर्मगुरूंना ‘आता खा’ अशी आज्ञा करावी लागली. साधना लिहिणारा माणूस ती लिहिण्याआधी या अतिरेकातून गेलेला आहे. म्हणूनच साधनेच्या आरंभी असलेल्या वीस सूचनांपैकी पाचवी सूचना साधकाने मोठ्या मनाने आणि औदार्याने आत यावे असे सांगते, तर चौदावी मार्गदर्शकाला बजावते की साधक उत्साहाच्या भरात असेल तेव्हा त्याला घाईने कोणतेही वचन किंवा व्रत घेऊ देऊ नये. माझ्या मते या सेवेचे सारे मोल या दोन सूचना शेजारी शेजारी ठेवण्यात आहे. मंडपातल्या सभेत आम्हाला पाचवी सूचना रात्रभर ऐकवली जाते, चौदावी मात्र कोणीच ऐकवत नाही.

माझ्या मार्गदर्शक सत्तरीच्या पुढच्या एक धर्मभगिनी होत्या. खेड्यातल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची बरीच वर्षे गेली होती. त्या फार कमी बोलत. रोज सकाळी बायबलमधील एखादा भाग लिहिलेली चिठ्ठी द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी, काय झाले ते विचारायच्या. मला काय समजले, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. पहिले दोन दिवस मी, शाळेत धडा संपवावा तसा, नेमून दिलेला भाग संपवून पुढच्याची वाट पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तीच चिठ्ठी परत हातात दिली. मी म्हटले, “सिस्टर, हे काल झाले.” त्या म्हणाल्या, “काल तुम्ही कुठे अडलात?” मी ती ओळ सांगितली. “मग आज तिथेच बसा.” या पद्धतीत याला पुनरावृत्ती म्हणतात: जेथे मन भरून आले किंवा जेथे ते कोरडे पडले, तेथेच परतायचे. आणि कंटाळा आला तर ठरलेल्या तासापेक्षा चार मिनिटे जास्तच बसायचे, कमी नाही.

मी अडले होते ती ओळ लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातली, बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाची. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. नाहीतर पाया घालून काम थांबते आणि जाणारे-येणारे हसतात. आयुष्यभर अंदाजपत्रके केलेल्या बाईला हा दृष्टान्त सोपा जायला हवा होता. परंतु समर्पणावरची जी प्रवचने मी ऐकली होती, त्यांत हिशेब करणे म्हणजे अविश्वास, असेच ठसवलेले असे, आणि येथे तर येशू शिष्यत्वाची किंमत सांगताना आधी बसून हिशेब करायला लावतो. त्यानंतरची चिठ्ठी हनन्या आणि सप्पीरा या बायबलमधल्या जोडप्याची होती. जमीन विकून आलेल्या रकमेचा काही भाग त्यांनी मागे ठेवला आणि उरलेला प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवला. ही गोष्ट मी लहानपणापासून लोभाची गोष्ट म्हणून ऐकत आले होते. नीट वाचल्यावर दिसले की प्रेषित पेत्र त्यांना भाग मागे ठेवल्याबद्दल दोष देतच नाही. जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हाती होता, असे तो स्पष्ट म्हणतो. दोष आहे तो अंशाला पूर्ण म्हणून दाखवण्याचा. आमच्या भाषेत, शिलकी रक्कम दडवून खाते बंद केल्याचा दाखला दिला होता.

पाचव्या दिवशी इग्नेशियस यांचे तीन प्रकारच्या माणसांवरचे चिंतन आले. तिघांनीही दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळवलेली आहेत, पण ती निव्वळ देवाच्या प्रीतीसाठी मिळवलेली नाहीत, आणि तिघांनाही त्या ओढीतून सुटून देवाठायी स्वस्थता हवी आहे. पहिला सुटायची इच्छा बाळगतो, पण मरणाची घटका येईपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटायला हवी आहे, पण नाणी हातची जाऊ नयेत. देवानेच त्याच्या सोयीच्या ठिकाणी यावे, अशी त्याची तजवीज असते. तिसरा नाणी ठेवावीत की सोडावीत, यांपैकी कशाचाही आधीच हट्ट धरत नाही. देव जे सुचवील त्यासाठी तो मोकळा राहतो. लक्षात घेण्यासारखे असे की तिसऱ्याने नाणी वाटून टाकली, असे कुठेही म्हटलेले नाही.

माझे दहा हजार डुकाट म्हणजे 1,85,000 रुपयांची एक मुदत ठेव. आईच्या आजारपणाच्या तीन वर्षांत माझा धाकटा भाऊ परगावाहून दरमहा पैसे पाठवत असे. आई गेल्यावर हिशेबाअंती एवढी रक्कम उरली. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही, आणि ठेव माझ्या नावाने झाली. दरवर्षी तिचे नूतनीकरण करताना मी मनाशी म्हणत असे की ही रक्कम मंडळीच्या उपासना मंदिराच्या छपरासाठी द्यायची आहे. कारकुनी भाषेत सांगायचे तर मी ती अनामत खात्यावर ठेवली होती, म्हणजे जिचा निकाल लावायचा नाही अशी रक्कम ज्या खात्यावर ठेवतात तेथे. सिस्टरांना मी हे सांगितले ते जवळजवळ अभिमानाने, की सर्व रक्कम देवाला द्यायचे माझ्या मनात आहे, एक रुपयाही मागे न ठेवता. त्यांनी एवढेच विचारले, “पैसे कोणाचे आहेत?”

त्यानंतरचा तास मी आवळ्याच्या झाडाखाली बसून काढला. दुसऱ्याच्या पैशावर आपले संपूर्ण समर्पण उभे करणाऱ्या माणसाची जागा इग्नेशियस यांच्या तिघांत कोठे येते, याचा मी विचार करत होते आणि ती त्यांच्यातल्या दुसऱ्या माणसाच्याही खाली येते असे मला दिसले. संध्याकाळी मी कार्यालयात जाऊन खाकी पाकीट परत मागायचे ठरवले, भावाला तेथल्या तेथे फोन करायचा म्हणून. सिस्टरांनी थांबवले. “आज नाही. घरी जा, आठवडा जाऊ द्या, भांडी घासताना, बसमध्ये बसल्यावर हेच खरे वाटते का पाहा, मग करा.” चौदावी सूचना मी पुस्तकी म्हणून समजले होते, ती माझ्यावर चालवली जाईल असे वाटले नव्हते. घरी परतल्यावर दुसऱ्या रविवारी मी फोन केला. भाऊ काय म्हणाला, तो या परीक्षणाचा विषय नाही.

येथे एक विषयांतर करते, कारण नगरच्या माणसाने समर्पणाबद्दल लिहावे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव येऊ नये, हे शक्य नाही. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते मागाहून कळले. पुढे 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती; दोन वर्षांतच, 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले. आमच्या घरी त्यांची भजने रोज संध्याकाळी होत आणि त्यांच्या सर्वस्वदानाबद्दल कोणाला शंका नसे. माझी आजी मात्र प्रत्येक वेळी लक्ष्मीबाईंबद्दल हळहळत असे. आता वाटते, तिचा मुद्दा हिशेबाचाच होता: एकाच्या समर्पणाची रक्कम पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते, आणि ज्याच्या खात्यावर ती पडते त्याला कोणी विचारलेले नसते. या साधनेत निर्णयाची पारख करताना, आपल्यासारख्याच पेचात सापडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता, किंवा मरणाच्या घटकेला आपण काय केले असते तर बरे वाटले असते, असे प्रश्न स्वतःला विचारायला लावतात. माझ्या आजीचा प्रश्नही त्या यादीत असता तर बरे झाले असते.

उणिवा. छापील साहित्याचे मराठी कठीण आहे. इंग्रजीवरून केलेले भाषांतर असल्याचे वाक्यावाक्याला जाणवते, आणि फादर स्टीफन्स या येशूसंघीयाचे ओवीबद्ध मराठीतले ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, त्याच संघाच्या साधनेला आज असे मराठी मिळावे, याचे वाईट वाटते. प्रॉटेस्टंट साधकांना मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसता येते, पण तिथला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, घेता येत नाही. हे आधी स्पष्ट सांगितले होते, तरी आठही दिवस जागेवर बसून राहणे जड गेले. सहाव्या दिवशी शेजारच्या मंगल कार्यालयात हळदीचा कार्यक्रम होता आणि ध्वनिक्षेपकाने आमची रात्रीची प्रार्थना गिळून टाकली. यात साधनागृहाचा दोष नाही. मात्र लग्नसराईत तारखा ठेवताना त्यांनी शेजाऱ्यांना विचारायला हरकत नव्हती. जेवताना लावली जाणारी बासरीची ध्वनिफीत एकच होती आणि तिसऱ्या गाण्यापाशी अडखळत असे.

मूळ तक्रार शेवटच्या सकाळची आहे. समारोपाच्या प्रार्थनेनंतर स्वयंसेवकांनी प्रत्येकाला एक कार्ड दिले. वर हृदयाचे चित्र, खाली ‘मी आजपासून माझे संपूर्ण जीवन’ अशी सुरुवात असलेले छापील वाक्य, मग सही आणि तारीख. ती कार्डे टोपलीत गोळा करून वेदीवर ठेवली जाणार होती. आठ दिवस ज्यांनी मला एक फोनसुद्धा घाईने करू दिला नाही, त्यांच्याच घरात शेवटच्या दहा मिनिटांत, गीत चालू असताना, छापील वचनावर सही मागितली जावी, याचे मला आश्चर्य वाटले. कॅथलिक साधक ज्या प्रार्थनेने ही साधना संपवतात, ती माझे स्वातंत्र्य, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी इच्छा घे असे म्हणते. ती म्हणताना मला अडचण आली नाही, कारण ती देवाला उद्देशून आहे आणि कपाटात जमा होत नाही. सिस्टरांना मी कार्डाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या की ती कल्पना त्यांची नाही, आणि यापुढे काही बोलल्या नाहीत.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांनी पुष्कळ वेळा हात वर केले आहेत, त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांच्या घरी नुकतेच दुःख घडले आहे, त्यांनी निदान काही महिने थांबावे. मौन दुःखाला मोठे करते, आणि आठ दिवसांत मार्गदर्शकाची भेट दिवसातून एकदाच होते. ज्यांना सुट्टी मिळणार नाही, त्यांच्यासाठी एकोणिसाव्या सूचनेतली सोय आहे: घरी राहून, रोज ठरावीक वेळ प्रार्थना करून आणि मार्गदर्शकाला नियमित भेटून हीच साधना काही महिन्यांत पसरून करता येते. सिस्टर ती देतात का, हे कार्यालयात विचारून घ्यावे, कारण माहितीपत्रकात तसा उल्लेख नाही. उन्हाळ्यात जाऊ नये. वरच्या मजल्यावर पत्रा आहे. शाल, विजेरी आणि दोनशे पानी वही बरोबर न्यावी.

निघताना मी माझे कार्ड सही न करता कार्यालयातील मुलाला परत दिले. त्याने ते उलटसुलट पाहिले, टोपलीतल्या कार्डांची संख्या आणि यादी जुळली पाहिजे असे सांगितले आणि निदान नाव तरी लिहा, असे म्हणाला. मी नाव लिहिले, खाकी पाकीट ताब्यात घेतले आणि देणगीची पावती मागितली.